चालते, पण…

आदिलाबादच्या प्रत्येक गल्लीत असा एक माणूस असे, ज्याच्या घरातल्या एकाही मशीनवर झाकण नसे. त्याला रीतसर नाव होतं, पण गल्लीच्या लेखी तो नुसता ‘भाऊ’. काळ साधारण 2007-08 चा. जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता आणि त्याचे चार तुकडे व्हायला अजून अवकाश होता. मोजर बेअर कंपनीने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी आणली, आणि पिक्चर भाजीच्या पिशवीतून घरी येऊ लागला. कापूस विकला की आधी बियाण्याची उधारी फिटे, मग टीव्ही येई, आणि टीव्हीच्या मागोमाग भाऊ येई.

हा त्याचा धंदा नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. धंदेवाला मेकॅनिक मशीन ठेवून घेतो आणि परवा या म्हणतो. भाऊ कधीच ठेवून घेत नसे. दहा माणसांच्या घोळक्यात स्क्रू फिरवण्याचं सुख घरी एकट्याने कसं मिळणार? त्याची मजुरी म्हणजे एक चहा आणि ‘भाऊ म्हणाला तसंच निघालं’ हे वाक्य. चहा नसला तरी चाले.

डिस्क तो बोटांच्या टोकांनी काठावर धरी आणि ट्यूबलाइटखाली तिरपी करी. आपण सगळे चकचकीत बाजू जपतो. भाऊ आधी छापील बाजू पाही. “सीडीचा जीव वरून राहते जी,” असं म्हणे, आणि ते खरं आहे. सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी लगत असतो, वर फक्त लाखेचा पातळ पापुद्रा. त्यावर बॉलपेनने दाबून ‘बबलीचं लग्न – 2’ लिहिलं की खाली बबलीची दोन मंगलाष्टकं गेलीच म्हणून समजा. डीव्हीडीत हाच थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती वरचा ओरखडा जरा सोसते. पुसायची तीही मधून काठाकडे, सरळ रेषेत. पदराने गोल गोल पुसणाऱ्या एका विहीणबाईंना त्याने त्यांच्याच घरात झापलं होतं. टूथपेस्ट लावून ओरखडे घालवण्याला तो चारचौघांत अडाणीपणा म्हणे. घरी काय करी, ते त्याच्या दात घासायच्या डब्याला माहीत.

त्याची खरी कसोटी लागली ती प्लेस्टेशन टूच्या वेळी.

या भागातली पोरं कामाला आखातात जातात. असंच एक पोरगं सुट्टीवर आलं, ते दुबईहून काळी पेटी घेऊनच. गेमही चालतात आणि पिक्चरही, असं त्याने सांगताक्षणी वडिलांनी घरातला जुना प्लेअर मेव्हण्याला देऊन टाकला. रात्री भावकी जमली. बहिणीच्या, म्हणजे बबलीच्या, लग्नाच्या तीन व्हीसीड्या निघाल्या. पेटीने पहिली गिळली, थोडी घरघरली आणि ही डिस्क आपल्या कामाची नाही असं पडद्यावर कळवून मोकळी झाली. दुसरीचं तेच. तिसरी मुद्दाम उलटी घालून पाहिली, तरी तेच. मग भाऊला बोलावणं गेलं.

“याले व्हीसीडी समजत नाई जी.”

“काहून? दुबईची आहे ना?”

“म्हणूनच तं.”

भाऊने खुर्ची ओढली आणि समजावलं. व्हीसीडी 1993 ची. चित्र जेमतेम, एका चकतीत 74 मिनिटं, म्हणून तीन तासांच्या हिंदी पिक्चरला तीन चकत्या आणि दोन मध्यंतरं. डीव्हीडी त्याच मापाची, पण पोटात साताठ सीडींचा माल घेऊन बसते. प्लेस्टेशन टू 2000 साली जपानात निघाली तेव्हा तिच्यात डीव्हीडी, गाण्याची सीडी आणि जुने गेम, एवढ्याचीच सोय केली. व्हीसीडी वगळली. याचा भाऊला व्यक्तिशः राग होता. कारण आधीच्या, म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनचा एक पांढरा अवतार आशियातल्या बाजारांसाठी निघाला होता आणि त्यात व्हीसीडी चालत असे. “बापाले जमलं ते पोराले नाई जमत,” असं तो म्हणाला, आणि सगळ्यांनी उगाचच दुबईवाल्याकडे पाहिलं.

पोराने अब्रू वाचवायला पेटीत शेजाऱ्याची, कुणा पाहुण्याने अमेरिकेहून पाठवलेली इंग्रजी डीव्हीडी घातली. तीही नाही. आता भाऊला खरा हुरूप आला. कंपन्यांनी जगाचे भाग पाडलेत, त्याने सांगितलं. अमेरिका एक नंबरात. दुबई, जपान, युरोप दोन नंबरात. आपण पाच नंबरात. सोबतीला रशिया, मंगोलिया, उत्तर कोरिया आणि बरीचशी आफ्रिका. एका नंबरची डिस्क दुसऱ्या नंबरच्या मशीनला वर्ज्य.

कोपऱ्यातून आजी म्हणाली, “आपल्याले विचारलं होतं का कोणी?”

“नाई आजी. वरूनच झालं.”

आजीला ते लगेच पटलं. 1956 साली किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादेतून उठून मुंबई राज्यात गेले, तिचं माहेर एका रात्रीत परराज्यात पडलं, तेव्हाही तिला कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी एक तेलुगू पिक्चरची डीव्हीडी लागली. आपल्याकडच्या बऱ्याच डिस्कना नंबराचं कुलूप नसेच. म्हणून लग्न पाहायला जमलेलं मराठी बिऱ्हाड तेलुगू मारामारी पाहत बसलं, आणि भाषेची अडचण कुणालाच झाली नाही. बाजारात तेलुगू, घरात मराठी, रिक्षावाल्याशी हिंदी बोलणाऱ्यांना फॉरमॅट कसला अडवतो?

पण भाऊ हरणारा नव्हता. तो घरी जाऊन आपला स्वस्तातला चिनी डीव्हीडी प्लेअर काखोटीला मारून आला. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना खोचल्या आणि बबली बोहल्यावर आली. वर त्या प्लेअरसोबत दोन जॉयस्टिक आणि गेमची एक सीडी फुकट मिळालेली, तीही लावून दाखवली. गेमचं महाग मशीन पिक्चरसाठी नखरे करत होतं आणि पिक्चरचं स्वस्त मशीन गेम खेळवत होतं. दुबईवाला त्या रात्री लवकर झोपला.

भाऊला एकच वाक्य बोलता येत नसे, ते म्हणजे ‘हे चालत नाही’. तो म्हणे, “चालते, पण…” या ‘पण’मध्ये काहीही मावे. चालते, पण आवाज येत नाही. चालते, पण काळंपांढरं दिसते. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीच्या डिस्कला आपला पाल पद्धतीचा टीव्ही असा रंग गाळून दाखवत असे. चालते, पण मशीन पालथं ठेवा; जुन्या प्लेस्टेशनची लेन्स थकली की हा उपाय जगभर केला जाई. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सला मात्र तो मशीनच मानत नसे. आत डीव्हीडीचा ड्राइव्ह आहे, पण रिमोटचा संच वेगळा विकत घेतल्याशिवाय पिक्चर नाही! 2009 साली हैदराबादच्या ऑरोना कंपनीने प्लेस्टेशन टूवर ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा गेम काढला, तेव्हा त्याची छाती फुगली. गेम कसा आहे, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. चालतो, एवढं त्याने छातीठोक सांगितलं.

वहिनींची तक्रार वेगळीच. या माणसाने एकही पिक्चर शेवटपर्यंत पाहिलेला नाही. प्रत्येकाची पहिली दहा मिनिटं पाठ. डिस्क चालली की याचा रस संपला.

आता भाऊची पन्नाशी उलटली आहे. प्लेस्टेशन फोरला गाण्याची सीडी कळत नाही आणि फाइव्हची एक जात तर ड्राइव्हशिवायच येते, हे तो कुणाचा तरी अपमान झाल्यासारखं सांगतो. हल्ली पेन ड्राइव्ह खोचला की नवा टीव्ही चित्र दाखवतो आणि आवाजाला नाही म्हणतो. त्यासाठी त्याला अजून बोलावणी येतात.

तुमच्याही कपाटात लग्नाची व्हीसीडी असेल. घरी रेकॉर्ड केलेल्या सीडीचा थर काळाने उतरतो, तेव्हा फार थांबू नका. सीडीची सोय असलेला कॉम्प्युटर गाठा, डिस्कमधलं एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर उघडा, आतली डॅट फाइल उतरवून घ्या. ती व्हीएलसीवर चालते. नाहीच जमलं तर भाऊला बोलवा. मात्र जेवणं उरकून बोलवा, कारण मशीन उघडल्यावर तो ताटावर येत नाही.