बांधाच्या आतली कार्यक्षमता

नंदुरबार जिल्ह्यातल्या तापीकाठच्या प्रकाशा गावाला दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वराला हात जोडून तापीत बुडी मारली की पाप धुतलं जातं. मिरचीवरचा चुरडा-मुरडा रोग तेवढा धुतला जात नाही. त्याला फवारणी लागते, आणि फवारणीला उधारी.

ही मिरची पिकवणाऱ्या अल्पभूधारकाला हल्ली एकच उपदेश मिळतो : कार्यक्षमता वाढवा. त्याने वाढवली. गादीवाफे केले, मल्चिंग अंथरलं, ठिबक टाकलं, नर्सरीतून संकरित रोपं आणली. गरीब शेतकरी हाताशी असलेली साधनं चोख वापरतो, हे अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्त्झ यांनी 1964 सालीच लिहून ठेवलं. त्यांना 1979 साली नोबेल मिळालं. शेतकऱ्याला अजून प्रशिक्षण मिळतंय.

आता जरा बांधाबाहेर या. प्रकाशाला बॅरेज आहे, बॅरेजमध्ये पाणी आहे. ते शेतापर्यंत चढवायचं, तर तापीवरच्या 22 उपसा योजना वर्षानुवर्षे बंद पडून राहिल्या. दुरुस्तीच्या घोषणा तेवढ्या दर निवडणुकीला तरारून आल्या. दरवाजे उघडले की पाणी निमूट उकाई धरणाला जातं. कार्यक्षमता वाढते, पण गुजरातची.

पुढे नंदुरबारचा बाजार. ओली लाल मिरची गाड्या भरभरून येते, लिलाव होतो, व्यापारी ती पथारीवर पसरतात. साधारण चार किलो ओलीची एक किलो सुकी होते. शेतकरी वजन विकतो, व्यापारी किंमत. मग शेतकऱ्यानेच का सुकवू नये? जागा नाही, भांडवल नाही, आणि उधारी देणारा कृषी केंद्रवाला महिनाभर थांबायला तयार नाही.

पथारी तरी काय? उघडं मैदान. अवकाळी आला की माल भिजतो, काळा पडतो, बुरशी धरतो. एवढी नावाजलेली बाजारपेठ, आणि वाळवणी खातं सांभाळतो कोण? सूर्य. पगार शून्य, रजा केव्हाही. त्या रजेचा धोका व्यापारी भावातून आधीच कापून घेतो.

कार्यक्षमता मोजायचीच असेल तर फूटपट्टी बांधापलीकडे न्या. उपसा पंप वर्षात किती तास चालले? शेतकऱ्यांच्या मालकीची, छप्पर असलेली वाळवणी केंद्रं किती उभी राहिली? हे आकडे आधी जाहीर करा. मिरची पिकवणाऱ्याची शिकवणी त्यानंतर घ्या.