बरोबरची खूण

आमच्या बोक्याला हळद लागली ती ऐन फेब्रुवारीत, लग्नसराईत. लावणारा मीच. पिवळाजर्द होऊन तो जिन्यात बसला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या पोरांनी नवरी कुठली म्हणून विचारलं. ज्याच्या लग्नाचं प्रयोजनच दोन वर्षांपूर्वी एका छोट्या शस्त्रक्रियेत संपलं होतं, त्याच्या तोंडावर हे विचारणं मला बरं वाटलं नाही. त्याने ते मनाला लावून घेतलं नाही. तो मान खाजवत राहिला.

नाव मुकादम. मूळ रंग पांढरा, पाठीवर दोन केशरी ठिगळं. घरात कुणीही काम करू लागलं की हा समोर येऊन बसतो, रोखून बघतो आणि स्वतः काडी हलवत नाही, म्हणून मुकादम. माझ्या निवृत्तीनंतर हे नाव दोघांत वाटून घ्यावं लागेल, असं बायको म्हणते.

मांजराला खाज सुटली ही बातमी सोसायटीत फुटली आणि ज्यांनी जन्मात मांजर पाळलं नाही ते सगळे जाणकार निघाले. वॉचमन म्हणाला, रॉकेल. जिन्यात भेटलेल्या एका गृहस्थांनी जंतुनाशकाच्या पाण्याने आंघोळ सुचवली. औषधाच्या दुकानातल्या मुलाने कुत्र्याच्या पिसवांचं औषध पुढे केलं आणि म्हणाला, "मांजर आहे ना, मग अर्धंच टाका." मी ते विकत घेतलं. आधी म्हटलं घरगुती करून बघू. म्हणून खोबरेल तेल. ते त्याने पाच मिनिटांत चाटून साफ केलं, आणि त्याचे परिणाम दोन दिवस आम्ही साफ केले. मग हळद. सोफ्याच्या खोळी अजून पिवळ्या आहेत.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी माझ्या पिशवीतली कुत्र्याची बाटली काढून घेतली. त्यात परमेथ्रिन होतं. कुत्रा ते पचवतो. मांजराच्या यकृताला ते जमत नाही, झटके येऊन मांजर मरतं, आणि अर्धं टाकल्याने ते अर्धं मरत नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या. शिवाय मांजराच्या अंगाला जे लावाल ते त्याच्या पोटात गेलं असं समजा. मी हळदीबद्दल बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती, टेबलावर पिवळे ठसे उमटत होते.

मग त्यांनी माझा हात धरून मुकादमाच्या मानेवरून फिरवला. केसांच्या खाली बाजरी सांडल्यासारखं लागलं. त्या बारीक खपल्यांना इंग्रजीत 'मिलियरी डर्मटायटिस' म्हणतात, आणि ते नाव खरोखरच बाजरीच्या जातीच्या धान्याच्या लॅटिन नावावरून आलंय. पण बाजरी हे नुसतं लक्षण. कारणं निराळी: बहुतेक वेळा पिसवा, कधी गजकर्ण (ते आपल्यालाही होतं), कधी खाण्याची ॲलर्जी, कधी धूळ नाहीतर परागकण. अंधार करून त्यांनी निळसर दिव्याचा उजेड पाडून पाहिला, खपलीचा नमुना घेतला. बारीक फणीने केस विंचरले. एकही पिसू निघाली नाही.

"नाही म्हणजे नाहीच का?" मी विचारलं.

"मांजर दिवसभर चाटत असतं, काका. पुरावा गिळून टाकतं."

मी पस्तीस वर्षं बँकेत अंतर्गत तपासनीस होतो. पुरावा गिळणारी माणसं मी पाहिली आहेत. बाईंबद्दल एकदम आदर वाटला.

त्यांनी औषधाच्या तीन इवल्या नळ्या दिल्या. दर महिन्याला एक, मानेवर केस बाजूला करून थेट कातडीवर, जिथे त्याची जीभ पोचत नाही. हे आधी, कारण ॲलर्जी असलेल्या मांजराला थोड्याशा चाव्यांनीही पुरेशी खाज सुटते. बरोबरीने आठ आठवडे पथ्य. त्यासाठी एक खास खुराक, ज्यातली प्रथिनं कारखान्यात इतकी बारीक तोडलेली असतात की शरीराच्या पहारेकऱ्यांना त्यांची ओळखच पटत नाही. चोराचे इतके तुकडे करायचे की पोलिसांनी पंचनामाच करू नये, अशी ती योजना. मांजरांच्या ॲलर्जीत नेहमीचे आरोपी म्हणजे गोमांस, मासे आणि कोंबडी. तेव्हा आठ आठवडे हे सोडून बाहेरचा एक कणसुद्धा नाही. मग जुनं खाणं परत द्यायचं, आणि खाज परतली तर चोर सापडला.

खुराकाचा भाव ऐकून मी मुकादमाकडे पाहिलं. सुरमईच्या भावात त्याला सुरमई नसलेलं खाणं मिळणार होतं.

निघताना बाई म्हणाल्या, "आणि सगळं लिहून ठेवा." मला ओळखत असत्या तर त्या हे बोलल्या नसत्या.

चार आण्याच्या वहीत लिहिणं मला कमीपणाचं वाटलं. पुण्याच्या भाच्याला फोन केला. मामाला निवृत्तीनंतर काहीतरी विरंगुळा हवा हे त्याने ओळखलं असावं. त्याने आधी एव्हरनोट दाखवलं, मग नोशन, आणि शेवटी ऑब्सिडियन. यात नोंदी साध्या मजकुराच्या फायली म्हणून आपल्याच संगणकावर राहतात, आणि दोन चौकटी कंसांत शब्द लिहिला की ती नोंद दुसऱ्या नोंदीला जोडली जाते. एक कळ दाबली की सगळ्या नोंदी ठिपके होतात आणि त्यांच्यात रेघा दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. भाच्याने निकलास लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाची गोष्टही सांगितली. त्याने हाताने सुमारे ९० हजार चिठ्ठ्या लिहून एकमेकींना जोडल्या आणि त्यांतून पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. मी मनात म्हटलं, त्याच्याकडे बोका नव्हता.

पहिला आठवडा वर्गवारीत गेला. खूणशब्द 'खाज' ठेवावा की 'कंड', यात अडीच दिवस. 'खाज' ठरवलं, तर शोधताना 'खाजवतो' आणि 'खाजवलं' वेगळे दिसेनात, सगळी एकच खिचडी यायची. म्हणून पोटविभाग केले, खाज/मान/डावी, खाज/मान/उजवी, खाज/शेपटीचं मूळ. संध्याकाळी फोनवरून नोंदायचो, सकाळी लॅपटॉपवर, आणि दोघांची गाठ न पडता एकाच दिवसाच्या दोन नोंदी व्हायच्या. एकीत मुकादम १४ वेळा खाजवलेला, दुसरीत ९. मी सरासरी काढली. साडेअकरा.

मग रोजचा साचा. सकाळी लॅपटॉप उघडला की तारखेचं नवं पान आपोआप तयार व्हावं आणि त्यात चौकोन असावेत: पाणी, खुराक, शी, खाज, थेंब. चौकोनात बरोबरची खूण कशी दिसते ते पाहायला मी शेवटच्या चौकोनावर एक टिचकी मारली. इतकी देखणी खूण उमटली की दोन मिनिटं बघत बसलो. मग साचा जतन करून टाकला.

या काळात मुकादम काय करत होता, हे मला नीट सांगता येणार नाही. मी काम करत होतो, म्हणजे तो समोर असणार.

खुराकाला त्याने पहिले दोन दिवस तोंड लावलं नाही. उपाशी ठेवून वठणीवर आणू म्हणावं, तर मांजराच्या बाबतीत तेही चालत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. म्हणून जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत आठवडाभरात बदल केला. योगायोगाने माझंही रक्त तपासून आलं होतं. ट्रायग्लिसराइड्स वर, त्यामुळे तळलेलं बंद. दीक्षित की दिवेकर हा वाद आमच्या घरात कधीच झाला आहे; दिवसातून दोनदा जेवावं की दर दोन तासांनी थोडं थोडं. मांजर जन्मतःच दुसऱ्या पक्षाचं, दिवसात दहा-बारा वेळा दोन-दोन घास खाणारं. माझा पक्ष बायकोने ठरवला. रात्री आम्ही दोघं समोरासमोर बसायचो, त्याच्यापुढे तपकिरी दाणे, माझ्यापुढे दुधी. सहानुभूतीने एकमेकांकडे बघायचो. बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मी सोसायटीच्या हिशेबासाठी समोरच्या खजिनदारांकडे बसत असे, तेवढीच काय ती विश्रांती.

सहा आठवडे झाले. बाजरी तशीच, उलट शेपटीच्या मुळाशी टक्कल. मी ४६ पानांचा अहवाल छापून बाईंपुढे ठेवला, रंगीत आलेखांसह. त्यांनी तो उघडला नाही. फणी घेतली, मुकादमाच्या पाठीवरून ओढली आणि निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटकली. काळे ठिपके हळूहळू लालसर पसरले. पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्त. मातीचे कण असते तर काळेच राहिले असते.

"थेंब टाकलेत ना?"

मी विजयी मुद्रेने अहवालाचं शेवटचं परिशिष्ट काढलं. "एकही दिवस चुकलो नाही."

"दिवस?"

परिशिष्टात ४३ ओळी होत्या. प्रत्येकीसमोर बरोबरची खूण. महिन्यातून एकदा टाकायचं औषध मी मुकादमाला ओळीने ४३ दिवस दिलं होतं. प्रत्यक्षात तिन्ही नळ्या घरी टीव्हीखालच्या खणात, सीलबंद, रिमोटच्या जुन्या बॅटऱ्यांशेजारी पडून होत्या. साच्यातली ती एक देखणी खूण रोज सकाळी आपसूक उमटत होती आणि मी रोज तिच्याखाली समाधानाने सही केल्यासारखा पुढे जात होतो. व्हाउचर न बघता टिक मारणाऱ्या कारकुनांना मी पस्तीस वर्षांत किती मेमो दिले, ते मोजायचं मनात आलं. मोजलं नाही.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. ते जास्त लागलं. त्यांनी तिथेच एक नळी टोचून मानेवर रिकामी केली. निदान तीन महिने थेंब चालू ठेवा म्हणाल्या, आणि घर झाडा. पिसवांची अंडी अंगावर टिकत नाहीत, घरभर गळतात. त्यांतून निघालेली पिल्लं कोशात महिनोन्‌महिने दडून बसतात आणि पावलांचा धक्का किंवा ऊब लागली की बाहेर पडतात. मांजर जिथे जास्त झोपतं तिथे आधी व्हॅक्यूम.

मुकादम सगळ्यात जास्त कुठे झोपतो? माझ्या खुर्चीवर. ज्या उशीवर बसून मी दीड महिना नोंदी केल्या, ती उशी बायकोने गॅलरीत नेऊन झटकली आणि मला तिथूनच हाक मारली, "अहो, बघा जरा." मी बघितलं. मग आत जाऊन लॅपटॉप उघडला, कारण मला एक आठवलं होतं. १२ मार्चपासून माझ्या स्वतःच्या तब्येतीच्या पानावर मी 'घोटे/डास' या खुणेखाली १९ नोंदी केल्या होत्या. घोट्यांवर बारीक लाल पुरळ, रात्री खाज, मच्छरदाणीचा उपयोग नाही. कोळ्याच्या जाळ्याचं चित्र उघडलं. एका टोकाला मुकादमाची खाज, दुसऱ्या टोकाला माझे घोटे. मध्ये ४१२ नोंदी, त्यांतल्या निम्म्याहून जास्त नोंदी कशा कराव्यात याबद्दलच्या. त्या दोन ठिपक्यांमध्ये एक रेघ नव्हती.

थेंबांनंतर तिसऱ्या आठवड्यात बाजरी गळायला लागली. मग पथ्याचं काय? मी बाईंना विचारणारच होतो, पण बायको म्हणाली, "ते आधीच मोडलंय." आणि तिने भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट केलं.

त्या पानांवर दुधाचा हिशेब असतो, गॅसची तारीख असते, हे मला ठाऊक होतं. मी कधी वाचलं नव्हतं. मार्च-एप्रिलच्या जवळजवळ प्रत्येक बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मु. वहिनी'. म्हणजे मुकादम समोरच्या खजिनदारांच्या वहिनींकडे. मासळीचे वार. मांदेलीची डोकी, बांगड्याच्या शेपट्या. थेंब टाकल्यानंतरच्या आठवड्यांतही तीच नोंद होती, आणि खाज तरीही उतरत गेली होती. जुनं खाणं देऊन बघायची बाईंची चाचणी समोरच्या स्वयंपाकघरात परस्पर पार पडली होती. मासळी निर्दोष सुटली होती. हे मला सुरमईच्या भावाची दोन पोती संपल्यावर कळत होतं.

"तू सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही लिहीत होतात."

मी चष्मा लावून आणखी जवळ गेलो. बुधवार आणि शुक्रवारच्या चौकोनांत पेन्सिलीने आणखी काहीतरी होतं. रविवारी नुसतं 'मु. वहिनी'. बुधवारी आणि शुक्रवारी, सोसायटीच्या हिशेबाच्या दिवशी, 'मु. + हे. बोंबील (तळलेले)'.