सर्फोजीराजे आणि २५ लिटरची बॅग

कॅमेऱ्याची बॅग विकणारा नुसती बॅग विकत नाही; तो आपल्याला आपलीच सुधारित आवृत्ती विकतो. त्या आवृत्तीतले आपण सकाळी लॅपटॉप घेऊन ऑफिसात जातो, संध्याकाळी त्याच बॅगेतून मेथीची जुडी आणतो आणि शनिवारी पहाटे हिमालयात हिमबिबट्याची वाट बघत बसतो. माझ्या २५ लिटरच्या बॅगेला हे सगळं येत होतं. हलवता येणारे वेल्क्रोचे कप्पे, चोरांपासून राखण म्हणून पाठीकडून उघडणारी चेन, ट्रायपॉडचे पट्टे, पावसाळी खोळ! हिने ती हातात तोलून विचारलं, ‘‘अहो, ही रिकामीच एवढी जड आहे. सामान कशात घालायचं?’’

बॅगेची परीक्षा मात्र हिमालय घेत नाही, तंजावूरचा राजवाडा घेतो. इथे दारादारात कॅमेऱ्याची पत बदलते. कलादालनात चोळांच्या कांस्यमूर्तींपुढे तो पाहुणा. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयात फोटोला मनाई, म्हणून तिथे तो संशयित. अंगणात आला की पुन्हा माणसांत. म्हणजे दिवसभर काढा, ठेवा, काढा. आणि पाठीकडून उघडणाऱ्या बॅगेतून कॅमेरा काढायचा म्हणजे छातीचा पट्टा सोडा, कमरेचा सोडा, बॅग जमिनीवर पालथी घाला आणि तिच्यापुढे गुडघे टेका. चोराला हे जमणार नाही हे खरं. मालकालाही जमत नाही. तंजावूरचे मराठा राजे दुसरे सर्फोजी यांचा संगमरवरी पुतळा इथे हात जोडून उभा आहे. मी कॅमेरा बाहेर काढेपर्यंत त्यांच्यापुढे शाळेची अख्खी सहल येऊन उभी राहिली. राजे जणू माझ्या वतीने सगळ्यांची क्षमा मागत होते.

सामानाच्या बाबतीत हे सर्फोजीराजे मोठे सुज्ञ. १७९८ ते १८३२ एवढ्या कारकिर्दीत त्यांनी पोथ्या, चित्रं, नकाशे, युरोपातली हजारो पुस्तकं जमवली. पण ती पाठीवर वागवली नाहीत, त्यांच्यासाठी ग्रंथालय ठेवलं. काशीयात्रेला निघाले तेव्हा बरोबर तीनेक हजार माणसं होती म्हणतात. पुढे १८५८ साली लिनियस ट्राइप हा कंपनी सरकारचा छायाचित्रकार तंजावुरात आला. त्याच्या कागदी निगेटिव्हच सुमारे १५ इंच लांब, म्हणून सामान बैलगाड्यांवर. बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्याचे शिलालेख त्याने तुकड्यातुकड्याने टिपले आणि २१ छायाचित्रं जोडून सुमारे १९ फुटांची पट्टी केली. यात्रा असो की छायाचित्रण, ओझं वाटून घ्यायचं हे दोघांनाही कळत होतं. बहुउपयोगी बॅगेने तेवढं एकच केलं: राजाची माणसं आणि साहेबाचे बैल काढून टाकले आणि त्यांचं काम माझ्या एकट्याच्या पाठीला लावलं.

उपयोग मात्र तिचा झाला. हिने मान डोलावणारी तंजावुरी बाहुली घेतली. असली नाजूक वस्तू गाडीत न्यायची कशी, हा प्रश्नच पडला नाही; मोठ्या लेन्सच्या गादीदार कप्प्यात ती मापात बसली. लेन्स माझ्या गळ्यात आली. शेजारच्या कप्प्यात पाण्याची बाटली, त्याच्या शेजारी देवळात काढलेल्या चपला, आणि लॅपटॉपच्या जागी हिची साडी. बॅग बहुउपयोगी असल्याचं हिने जाहीरपणे मान्य केलं.

तेव्हा बॅग घ्यायला जाल तर कॅमेरा, लेन्स, डबा, बाटली, छत्री असं नेहमीचं सगळं सामान दुकानात न्या. ते भरा, बॅग पाठीवर चढवा, जिना चढउतार करा आणि मग गर्दीत उभ्याउभ्या, बाजूच्या चेनमधून कॅमेरा काढून दाखवा. लिटर, कप्पे, खोळ हे सगळं त्यानंतर. कॅमेरा निघाला तर पैसे मोजा. नाही निघाला, तर बैलांचा भाव विचारा.