पहिला कोण?

महाराष्ट्र सदनाच्या उपाहारगृहात नानांबरोबर जेवायला बसायचं तर पोटात आधी काहीतरी ढकलून जावं. ते मेन्यू वरपासून खालपर्यंत वाचतात, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला "वडा कसा आहे हो?" असं विचारून त्याची साक्ष नोंदवतात, वाढप्याची उलटतपासणी घेतात आणि अर्ध्या तासाने थालीपीठ मागवतात. पुढे पोळी गार आली काय, आमटी खारट झाली काय, त्यांना सोयरसुतक नसतं. पहिली ऑर्डर दिली की त्यांचं जेवण झालेलं असतं. बुधबाजारात पहिला दुधी नखाने टोचून, कानाशी नेऊन, उन्हात धरून घेतात आणि त्यानंतरची सगळी भाजी "टाक रे काय ते" म्हणत. मेट्रोत कुठल्या डब्यात चढावं याचा विचार करताना त्यांच्या दोन गाड्या सुटतात. काकू एव्हाना पुढच्या स्टेशनावर उतरून वाट बघत उभ्या असतात.

नाना मूळचे कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले आणि नोएडा एक्स्प्रेसवेच्या कडेला आमच्या सोसायटीत आले. कोल्हापूर म्हटलं की दिल्लीतली माणसं कुस्ती, तांबडा-पांढरा आणि चप्पल एवढ्यावर थांबतात. नाना त्यांना थांबू देत नाहीत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण या तालमींची नावं ते सरदारजींकडून पाठ करून घेतात. शाहू स्टेडियमवर पेठ विरुद्ध पेठ फुटबॉल असला की अर्धं गाव तिथे आणि उरलेलं अर्धं छपरांवर असतं, हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. हंगामाआधी कुठल्या तालमीने कुठल्या तालमीचं पोरगं फोडलं, याच्या कहाण्या तर ते बखरीसारख्या सांगतात. सामन्यांचे निकाल मात्र त्यांना आठवत नाहीत. आठवतं ते कोणी कोणाला घेतलं एवढंच.

अशा माणसाच्या हाती सोसायटीने एक नवा संघ दिला.

झालं असं की आमच्याकडे रहिवाशांची सात-सात जणांची फुटबॉल लीग आहे. आधी पाच संघ होते. बिल्डरने एकदाचा शेवटच्या दोन टॉवरांचा ताबा दिला आणि सहावा संघ काढावा लागला. अमेरिकेत राहून आलेल्या एका गृहस्थाने खेळाडूंच्या वाटणीसाठी ड्राफ्टची पद्धत आणली होती. सगळ्यांची नावं एका यादीत, संघांनी पाळीपाळीने एकेक उचलायचं. ज्याला पहिल्या फेरीत पहिला नंबर त्याला दुसऱ्या फेरीत शेवटचा. नव्या संघाला यंदा पहिला मान, आणि पुढच्या वर्षापासून जो तळाला राहील त्याला. आमच्या संघाचे मॅनेजर नाना. मी त्यांचा सहायक, म्हणजे फाईल धरणारा.

फाईल खरोखरच होती. डाव्या बाजूला हिरव्या कागदावर नोटिंग, उजव्या बाजूला पत्रव्यवहार, पानांना क्रमांक, वर लाल नाडी. विषय: 'प्रथम खेळाडूच्या निवडीबाबत'. दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खेळाडूबद्दल फाईलमध्ये अवाक्षर नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "पहिला बरोबर पडला की बाकीचे आपोआप पडत्यात." पडतात कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.

नोटिंगची सुरुवात पूर्वदाखल्यांनी होती. सरकारी माणूस पूर्वदाखल्याशिवाय शिंकतही नाही. पहिला दाखला थेट १९३६चा. त्या वर्षी अमेरिकेच्या एनएफएलमध्ये, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायच्या त्यांच्या फुटबॉलमध्ये, पहिला ड्राफ्ट झाला. सगळ्यात पहिलं नाव पुकारलं गेलं ते जे बरवँगर याचं. तो एनएफएलचा एक सामनासुद्धा खेळला नाही. त्याला दुसरी नोकरी बरी वाटली. या परिच्छेदाखाली नानांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'उमेदवाराची लेखी संमती घ्यावी.' दुसरा दाखला २००८चा. आयपीएलच्या पहिल्या हंगामाआधी एकोणीस वर्षांखालच्या मुलांची वाटणी झाली. दिल्लीकडे सेहवाग, गंभीर, धवन असे फलंदाज आधीच होते, म्हणून दिल्लीने गोलंदाज घेतला, प्रदीप सांगवान. दिल्लीचाच मुलगा विराट कोहली बंगलोरच्या वाट्याला गेला. या गोष्टीवर दिल्लीत चहाच्या टपरीवर आजही भांडण लावता येतं. नाना ती दोन्ही बाजूंनी वापरतात. कोणी म्हणालं, आपल्याला बचावपटूची गरज आहे, की "गरज बघून कोहली घालवला!" कोणी म्हणालं, सगळ्यात चांगला असेल तो घ्या, की "गोलंदाजी कोण तुझा काका करणार होता?"

पण त्यांचा लाडका दाखला अनस एडथोडिका. मलप्पुरमचा हा स्टॉपर, तरुणपणी रिक्षा चालवलेला, मुंबई आणि पुण्याच्या क्लबांतून खेळून २०१५मध्ये आयएसएल या फुटबॉल लीगमधल्या दिल्ली डायनामोजकडे आला, ४१ लाखांना. दोन मोसम तो दिल्लीच्या बचावाचा खांब होता. दिल्लीने त्याला राखला नाही. २०१७च्या ड्राफ्टमध्ये जमशेदपूर हा नवा संघ आला आणि पहिल्यांदा हात घातला तो अनसवर, १ कोटी १० लाखांना. नाना हे सांगताना उभे राहतात. "आपल्या घरातला माणूस लोकांचा पहिला नंबर होतो, आणि आपण? आपण डेल पिएरो आणतो!"

डेल पिएरोवर त्यांचा राग जुना आहे. २०१४मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा दिल्लीने हा चाळिशीला टेकलेला इटालियन आणला आणि नाना हौसेने जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर पहिला सामना बघायला गेले. समोर पुण्याचा संघ, त्यात डेल पिएरोचा युव्हेन्टसमधला जुना जोडीदार ट्रेझेगे. आता कोल्हापूरच्या माणसाने करायचं काय? मराठी म्हणून पुण्याच्या बाजूने ओरडावं तर वाडवडील स्वप्नात येतील. त्यांनी दिल्लीच्या बाजूने घसा फोडला. सामना शून्य-शून्य. मोसमभरात डेल पिएरोने एक गोल केला आणि दिल्ली एका गुणाने उपांत्य फेरीला मुकली. त्याच संघात ख्रिस्तोफ वान हाउट नावाचा बेल्जियन गोलकीपर होता, उंची दोन मीटर आठ सेंटिमीटर. नानांना त्या मोसमातला तो एकच खेळाडू मनापासून आवडला होता, कारण तो तिसऱ्या मजल्याच्या सीटवरूनही ओळखू यायचा. पुढे २०१९मध्ये तो अख्खा संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. नाना म्हणाले, "संघसुद्धा राखता आला नाही लेकांना."

दाखले संपले की उमेदवार. सात जण निवडले होते आणि प्रत्येकाच्या नावापुढे गुण-दोष दोन रकान्यांत. बी-टॉवरचे बंगाली बाबू: डावा पाय सोन्याचा, पण वय त्रेपन्न आणि मोहन बागान हरलं की दोन दिवस बिछान्यात. मल्याळी फिजिओथेरपिस्ट: खेळ उत्तम, पण रविवारी चर्च. उंचापुरा इंजिनिअर: वान हाउटची आठवण होते, पण चेंडू आला की डोळे मिटतो. एका तरुणाच्या नावापुढे फक्त 'भाडेकरू, करार ११ महिने' एवढं लिहून फुली मारली होती. मी म्हटलं, "नाना, तो सगळ्यांत भारी खेळतो. लीग तर आठ आठवड्यांची आहे."

"आणि मध्येच मालकानं घर विकलं म्हणजे? ऑडिटला कोण उत्तर देणार? तू?"

तेव्हा मला त्यांचं खरं दुखणं कळलं. नानांना उत्तम खेळाडू नको होता. ज्याच्या निवडीबद्दल नंतर कोणी बोट दाखवू शकणार नाही असा खेळाडू हवा होता. निवड चुकली तरी चालेल, फाईल चुकता कामा नये. आणि हा रोग एकट्या नानांचा नाही. दिल्लीत असे लोक शाळा निवडतात, जावई निवडतात, मला वाटतं राज्यपालही निवडतात.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांना साक्षात्कार झाला. आपली लीग रविवारी सकाळी साडेसहाला असते, कारण त्या वेळी टर्फ स्वस्त मिळतं. डिसेंबरच्या धुक्यात साडेसहाला कोण येणार? खेळतो किती यापेक्षा उठतो कधी, ही खरी कसोटी. नाना सरळ गेटवर गेले आणि गार्डकडून महिनाभराचं रजिस्टर मागून घेतलं. गार्डला वाटलं, चोरी झाली. बेंचवर बसून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पानं उलटली आणि एका नावावर बोट ठेवलं. सी-टॉवर, सातवा मजला. रोज पहाटे पाच-पन्नासला आत. रोज! दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा, जेव्हा हवेचा निर्देशांक चारशेच्या वर होता आणि कुत्रीसुद्धा जिन्याखाली दडली होती.

"पळायला जातो पोरगा," नाना कुजबुजले. खातरजमा म्हणून दुसऱ्या पहाटे बाल्कनीत कानटोपी घालून उभे राहिले. ट्रॅकसूट, स्पोर्ट्स शूज, पाठीला सॅक. शांतपणे चालत आला आणि लिफ्टकडे गेला. नानांनी मला सहा वाजता फोन केला. "आरं, पाच किलोमीटर पळून आलाय आणि श्वाससुद्धा वाढलेला नाही! काय छाती आसंल त्याची!"

ड्राफ्ट क्लबहाउसमध्ये झाला. पांढऱ्या बोर्डावर नावं, टेबलावर समोसे, बाकीच्या मॅनेजरांच्या हातात मोबाइल. नानांनी लाल नाडी सोडली, शेवटचं पान वाचलं आणि सातव्या मजल्यावरच्या त्या मुलाचं नाव पुकारलं. हॉलमध्ये शांतता. मग कोणीतरी हसलं. अमेरिकेत राहून आलेल्या गृहस्थांनी विचारलं, "अंकलजी, शुअर?" नाना म्हणाले, "रेकॉर्ड पे है." पुढच्या फेऱ्यांत काय झालं ते त्यांना माहीत नाही. ते समोसा खात होते. उरलेले नऊ खेळाडू मी उचलले. भाडेकरू दुसऱ्याच नंबरावर दुसऱ्या संघाने नेला.

तो मुलगा पळायला जात नव्हता. तो एका अमेरिकन बँकेच्या ग्राहकांचे फोन घेत होता. रात्रपाळी. कंपनीची कॅब मोठ्या रस्त्यावर सोडायची, कारण आमच्या सोसायटीत कॅबला आत मज्जाव आहे. फुटबॉल तो शाळेत खेळला होता, कानपूरला, तेही गोलपोस्ट म्हणून दप्तरं ठेवून. यादीत नाव त्याच्या आईने घातलं होतं, पोराला ऊन लागावं म्हणून.

नानांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. फाईलवर एक ओळ वाढवली, 'उमेदवाराच्या हजेरीबाबत शंका नाही', आणि सही केली.

आणि खरं सांगायचं तर पहिल्या सामन्यात त्यांची नोंद चुकीची ठरलीही नाही. समोरच्या संघातले निम्मे जण झोपेत होते, एकाने उलटी जर्सी घातली होती, भाडेकरू महाशय बुटाच्या नाड्या बांधता बांधता डुलक्या घेत होते. आमचा गडी मात्र टवटवीत. त्याच्या घड्याळात तेव्हा संध्याकाळ झाली होती. पहिल्या अर्ध्यात त्याने धावून धावून सगळ्यांना दमवलं, नाना टर्फच्या जाळीला लटकून "नाद खुळा!" असं ओरडत होते आणि त्याचा अर्थ समजून न घेता पंजाबी बायकाही तेच ओरडत होत्या. दुसऱ्या अर्ध्यात त्याची रात्र झाली. उभ्या उभ्या मान पडायला लागली. एक कॉर्नर त्याच्या पाठीला लागून बाहेर गेला तेव्हा तो दचकून इंग्रजीत म्हणाला, "थँक यू फॉर होल्डिंग." सामना आम्ही हरलो. मग आणखी दोन हरलो, एक जिंकलो. नाना दर सामन्यानंतर एकच वाक्य बोलत, "पहिला अर्धा आपलाच होता."

शेवटचा रविवार. आम्ही आणि डी-टॉवर, दोघेही तळाला, सारख्याच गुणांवर. हरेल तो सहावा. नाना त्या दिवशी जाळीपाशी आलेच नाहीत. मागे खुर्चीवर फाईल मांडीवर घेऊन बसले होते आणि विलक्षण खुशीत होते. मी विचारलं, तर म्हणाले, "नियम वाचलास का? तळाला राहणाऱ्याला पुढल्या साली पहिला नंबर." पुढच्या वर्षीच्या फाईलचं कव्हरही आणलं होतं, कोरं.

धुकं एवढं होतं की आमचा गोलकीपर आवाजावरून ओळखावा लागत होता. शेवटच्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य, आणि बरोबरी झाली तरी गोलांच्या फरकाने आम्हीच सहावे. तेवढ्यात रात्रपाळीवाला कशाने जागा झाला देव जाणे. मधूनच चेंडू उचलला, दोघांना चुकवला आणि धुक्यात नाहीसा झाला. मग जाळी हलल्याचा आवाज आला. आमच्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतला, बंगाली बाबूंना रडू आलं, काकूंनी शिट्टी मारली.

नाना खुर्चीवरून उठले, गर्दी बाजूला सारत थेट त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "गाढवा! पुढच्या साली पहिला नंबर मिळणार होता. घालवलास की!"

सकाळचे साडेसात वाजले होते. तो खांद्यावरून खाली उतरला, मोठी जांभई दिली आणि वाकून नानांच्या पाया पडला. "गुड नाइट, अंकलजी."