भरतीच्या मैदानाबाहेर उभ्या असलेल्या दलालास

दलाला,

नमस्कार घालावा अशी तुझी-माझी ओळख नाही आणि ती व्हावी अशी माझी इच्छाही नाही. पण तू मला नेहमी दिसतोस. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गडचिरोलीत चहाच्या टपरीवर, चंद्रपुरात झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर, अभ्यासिकेच्या जिन्याखाली तू हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल, काखेत प्लास्टिकची फाइल. मैदानावरून घामाघूम होऊन परतणाऱ्या पोराला बाजूला घेतोस, त्याच्या पाठीवर हात ठेवतोस आणि विचारतोस, "किती मार्क पडतील वाटते? कमी पडत असले तर सांग, आपल्याजवळ सोय आहे."

ती सोय म्हणजे प्रकल्पग्रस्ताचा दाखला. ज्याच्या घराण्यातली वीतभर जमीन कधी कोणत्या धरणात गेली नाही, त्याला तू पैसे मोजून घेऊन रातोरात धरणग्रस्त करतोस.

मी मैदानाच्या आतल्या बाजूचा माणूस आहे. पहाटे हातात स्टॉपवॉच घेऊन पोरापोरींच्या वेळा वहीत लिहिणाऱ्यांपैकी एक. तू जे विकतोस त्याची किंमत इथे कोण मोजतं, ते तुला कोणीतरी तोंडावर सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

धानोरा तालुक्यातली एक मुलगी आमच्याकडे येते. गडचिरोलीत चौघी मिळून एक खोली भाड्याने घेतली आहे. चौघींत मिळून चार किलोचा एकच गोळा. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत ती गावी जाते, दिवसभर बांधीत वाकून धान लावते, आणि तिथेही पहाटे डांबरी रस्त्यावर धावते, कारण आठवडाभर पाय थांबले तर दम तुटतो. बुटाचा अंगठ्याजवळचा भाग फाटला आहे, त्यावर आतून-बाहेरून चिकटपट्टी. मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत आली तर २० पैकी २० गुण. त्यापुढे दहा सेकंदांपर्यंत उशीर झाला की दोन गुण गेले. ही मुलगी २ मिनिटं ५८ सेकंदांवर अडकली आहे. ते आठ सेकंद कमी करायला तिने अख्खा पावसाळा घालवला. शेवटच्या वळणावर तिचे खांदे वर चढतात, हात छातीशी आवळले जातात, तिथेच वेळ जातो. आम्ही रोज ओरडतो, "खांदे सोड, खांदे सोड!" ती रोज प्रयत्न करते. अजून तिथेच आहे.

आठ सेकंदांचे दोन गुण. शारीरिक चाचणी ५० गुणांची, लेखी परीक्षा १०० गुणांची, आणि या दीडशेत निवड एकेका गुणावर अडते, हे तुलाही पाठ आहे. तुझा धंदा त्यावरच चालतो.

तुझं गिऱ्हाईक धावतच नाही, असं मी म्हणणार नाही. १६०० मीटर त्यालाही धावावे लागतात, गोळा त्यालाही फेकावा लागतो, पेपरही तोच सोडवतो. तू त्याला देतोस ती उडी यादीतली. सरकारी भरतीत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. हे आरक्षण प्रत्येक प्रवर्गाच्या आत चालतं. त्या जागांवर अर्ज करणारे थोडे, म्हणून गुणांची रेषा बरेचदा सर्वसाधारण जागांपेक्षा खाली थांबते. खरा प्रकल्पग्रस्त उमेदवार मिळाला नाही, तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या, गुणांनी पुढे असलेल्या सर्वसाधारण उमेदवाराकडे जाते. आता हिशेब तूच कर. तुझा खोटा दाखला एक तर खऱ्या धरणग्रस्ताच्या पोराची जागा खातो, नाही तर दोन गुणांसाठी पावसाळाभर धावलेल्या मुलीची. यापलीकडे दुसरी शक्यता नाही. तुझा व्यवहार तू आणि तुझं गिऱ्हाईक अशा दोघांतला नसतो. तिसऱ्याच्या ताटातलं उचलल्याशिवाय तुला एक रुपया मिळत नाही.

आणि तो खरा प्रकल्पग्रस्त कोण, ते तरी तुला ठाऊक आहे का? गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली. वैनगंगेचं पाणी अडलं, भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावं उठली. पुनर्वसनाच्या गावठाणात वाढलेली पोरं आज भरतीच्या वयाची आहेत. खाली सिरोंचा तालुक्यात ये. गोदावरीवरच्या मेडिगड्डा बंधाऱ्याचं उद्घाटन २१ जून २०१९ ला झालं. पाणी तेलंगणाला गेलं आणि फुगवटा सिरोंच्याच्या शेतात आला. तिथल्या शेतकऱ्यांनी मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. राजुरा, बल्लारपूर, घुग्घुस, भद्रावती या पट्ट्यात कोळशाच्या खाणींनी शेतं गिळली. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात ऑगस्ट २०२० मध्ये प्रकल्पग्रस्त नोकरीच्या मागणीसाठी थेट चिमणीवर चढून बसले होते. जमीन देऊनही नोकरी मिळेना, म्हणून माणसं चिमणीवर चढली आणि त्याच जिल्ह्यात तू तीच ओळख फाइलमध्ये घालून विकतोस. लाज हा शब्द तुझ्या कानावर कधी पडला असेल तर तो इथे लागू होतो.

त्यातही एक गोष्ट तू मुद्दाम लपवतोस. या दाखल्यावर एका बाधित कुटुंबातल्या एकालाच नोकरीचा लाभ मिळतो. तू दुसऱ्याच्या भूसंपादनाच्या कागदावर भलत्याचं नाव वारस म्हणून चढवतोस, तेव्हा ज्याची जमीन खरंच गेली त्याचं दार कायमचं बंद होतं. उद्या त्याचा नातू दाखला मागायला जाईल आणि टेबलावरून उत्तर येईल, "तुमच्या कुटुंबाने लाभ घेतला आहे." कोणी घेतला, कधी घेतला, हे शोधत त्याचा म्हातारा आजोबा कचेऱ्या फिरेल. त्याची जमीन सरकारने एकदा नेली. जमिनीच्या बदल्यात मिळालेला कागदाचा तुकडा तू नेलास.

हे काल्पनिक नाही. २०२३ मध्ये गडचिरोली पोलीस भरतीतच बनावट प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्रांचं प्रकरण बाहेर आलं. गुन्हा नोंदवला गेला, अटका झाल्या. ते प्रकरण गाजलं तेव्हा तू काही दिवस गायब होतास. मग नवी जाहिरात आली आणि तू पुन्हा टपरीवर उभा. तुझ्या मागे शिक्का मारणारा एक हात आहे, नोंदवहीचं पान उघडून देणारा दुसरा हात आहे, हेही आम्हाला कळतं. खुर्चीवर बसून सही विकणाऱ्याने हे पत्र स्वतःला उद्देशून वाचावं. त्याला वेगळं लिहिण्याइतका कागद मी खर्च करणार नाही.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. तू ही चोरी कोणत्या खात्याच्या भरतीत करतोस?

गडचिरोलीत पोलिसाची नोकरी म्हणजे २१,७०० रुपये मूळ वेतन आणि म्हातारपणाची सोय, एवढंच कोणी समजत नाही. २६ ऑगस्ट १९८२ ला हा जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, आणि पुढची चार दशकं इथल्या प्रत्येक घराने बंदुकीचा आवाज ऐकला. १९९० मध्ये माओवाद्यांशी लढायला पोलिसांचं सी-६० पथक उभं राहिलं ते इथल्याच पोरांच्या बळावर. जंगलाची वाट, नाल्याचा उतार, गोंडी-माडियातलं बोलणं त्यांनाच कळत होतं. ८ ऑक्टोबर २००९ ला लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. गेलेल्यांपैकी कित्येक जण याच मातीतल्या घरांतले होते, कोणी धान पिकवणाऱ्याचा मुलगा, कोणी तेंदूपत्ता तोडणाऱ्या आईचा. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीसारखा वरिष्ठ माओवादी नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, तो दिवस याच पोलिसांनी पाहिला.

अशा दलात तू खोट्या कागदावर माणूस घुसवतोस. तो भामरागडच्या किंवा एटापल्लीच्या एखाद्या पोलीस मदत केंद्रात बसेल. आदिवासी बाई जातीच्या दाखल्यासाठी, आधारसाठी, बेपत्ता मुलासाठी त्याच्यासमोर उभी राहील. पंचनाम्यावर त्याची सही असेल, कोर्टात त्याची साक्ष असेल. आणि त्याची नोकरी ज्या कागदावर उभी आहे, त्याची दुसरी प्रत तुझ्या फाइलमध्ये असेल. तुझं खरं भांडवल ते आहे. तू जागा विकतोस आणि त्याचबरोबर एक गणवेशातला माणूस जन्मभरासाठी बांधून घेतोस. उद्या तुझा रेतीचा ट्रॅक्टर अडला, तुझ्या भाच्यावर गुन्हा आला, की तू त्याला फोन करशील. तो नाही म्हणू शकणार नाही. खोटं बोलून आत आलेला शिपाई दलालाच्या खिशात राहतो, आणि त्याच्या हाती बंदूक दिलेली असते ती सरकारने, लोकांच्या रक्षणासाठी.

तुझा नेहमीचा युक्तिवादही मला पाठ आहे. जागा थोड्या, पोरं हजारो, मी तर गरिबाचं भलं करतो. जागा थोड्या आहेत, खरं आहे. २०१९ ची जाहिरात, तिची परीक्षा व्हायला २०२१ उजाडलं, आणि तेवढ्यात किती जणांची वयं निघून गेली, हेही खरं. सरकारचा हा दोष मी झाकणार नाही, भरती दरवर्षी वेळेवर व्हायलाच हवी. पण त्या उशिराने खचलेल्या पोरालाच तू हेरतोस. शेवटची संधी आहे म्हणतोस. त्याचा बाप बैलजोडी विकतो, आईची पोत गहाण पडते. आगाऊ रक्कम तुझ्या हातात येते, उरलेली निवडीनंतर. दाखला खोटा ठरला तर नोकरी जाते, गुन्हा पोराच्या नावावर लागतो, पुढची सगळी दारं बंद होतात आणि तू तालुका बदलतोस. यात गरिबाचं भलं कुठे आहे, ते एकदा त्या बापासमोर बसून सांग.

आणि तरीही तुला तुझ्या हुशारीचा एवढा अभिमान असेल, तर एक दिवस पहाटे आमच्या मैदानावर ये. चार किलोचा गोळा उचल. सोळाशे मीटर धाव. शेवटच्या फेरीत छाती फुटायला आली की मागे पाहा, तिथे चिकटपट्टी लावलेल्या बुटांत ती मुलगी धावत असेल. तिच्या डोळ्याला डोळा देऊन तुझ्या दाखल्याचा भाव सांगून दाखव.

उरलेलं पत्र तुझ्यासाठी नाही, जिल्ह्यातल्या लोकांसाठी आणि प्रशासनासाठी आहे.

निवड यादी लागल्यावर नेमणुकीच्या आधी प्रत्येक प्रकल्पग्रस्त दाखला मूळ भूसंपादनाच्या निवाड्याशी ताडून पाहा. ज्या गावची जमीन गेली, त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर उमेदवाराचं नाव, प्रकल्पाचं नाव आणि गट क्रमांक लावा, आणि पंधरा दिवस हरकती मागवा. कोणाची बांधी पाण्यात गेली हे गावाला तोंडपाठ असतं. खोटा वारस गावच्या नजरेतून सुटत नाही, कचेरीच्या नजरेतून सुटतो. या कामाला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरे. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ते पुढच्या जाहिरातीआधी काढावं.

आणि आईबाबांनो, तुमच्या पोराच्या पाठीवर कोणी हात ठेवून सोय सांगितली, तर पोत गहाण टाकू नका. त्या माणसाचं नाव, गाडीचा नंबर, फोनवरचं बोलणं जपून ठेवा आणि सरळ पोलीस ठाण्यात द्या. कचेरीतल्या कोणी दाखल्यासाठी पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक निःशुल्क आहे. तो फिरवा.