फुगलेल्या टोप्या

संगणकाच्या पोटातले बहुतेक भाग मरताना काही सांगत नाहीत. चिप गेली तरी आदल्या दिवशीसारखीच काळी, चौकोनी आणि गंभीर दिसते. अपवाद एकच, अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याच्या सपाट टोपीवर कारखान्यातच फुलीसारखी खाच पाडलेली असते. आतला द्रव बिघडून वायू साठू लागला की टोपी फुगते, मग खाच उकलते आणि तिच्यातून तपकिरी काहीतरी डोकावू लागतं. खाच नसती तर नळकांडं धाडकन फुटलं असतं. आपलं बिनसलंय हे आधी कळवणारा, आणि तेही आरडाओरडा न करता, असा सहकारी कुठल्याही कचेरीत मिळणं कठीण.

आमच्या घरच्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर अशा फुगलेल्या टोप्यांची एक रांगच उभी होती. टायपिंगपुरतं कार्ड ठीक चालायचं. गेम सुरू केला की पडद्यावर आडवे पट्टे, मग रंगीत ठिपके, मग अंधार. त्याचं कारण सरळ आहे. ग्राफिक्स चिपची विजेची भूक क्षणाक्षणाला बदलते. रिकामा पडदा दाखवताना ती अगदी अल्पसंतुष्ट असते, पण गेममधला एक दरवाजा उघडला की एकदम पंगत बसते. वीज पुरवणारं सर्किट तितक्या चटकन हलू शकत नाही. मधली वेळ मारून न्यायला शेजारी कपॅसिटर लागतात. माझी आजी डाळीच्या डब्यात तळाशी नोटा ठेवायची, कारण पगार महिन्याला एकदा आणि पाहुणे केव्हाही. फुगलेला कपॅसिटर म्हणजे जागेवर असलेला, पण आत हात घातला तर नुसता पत्राच लागणारा डबा.

या टोप्या फुगण्याची साथ खरोखरच आली होती. साधारण १९९९ पासून पुढची सात-आठ वर्षं जगभरचे मदरबोर्ड आणि कार्डं तिच्यात सापडली. स्वस्त कपॅसिटरांत पाण्याचं प्रमाण मोठं असलेला द्रव भरला जात होता. पाणी अ‍ॅल्युमिनियमला खातं. ते खाऊ नये म्हणून द्रवात काही रसायनं घालावी लागतात. ती नीट नसली की हायड्रोजन तयार होतो आणि टोपी वर येते. जपानी कंपनीत काम केलेला एक रसायनतज्ज्ञ चीनला गेला, तिथून त्याच्या हाताखालच्या मंडळींनी द्रवाची कृती तैवानला पळवली, आणि पळवताना ती अर्धवटच हाती लागली, असं त्या काळी उद्योगातल्या मासिकांतून छापून आलं. चोरी करावी तर पूर्ण करावी, एवढंही भान राहिलं नाही.

खरी करमणूक पुढे आहे. डेल कंपनीनं मे २००३ ते जुलै २००५ या काळात टोप्या फुगण्याचा धोका असलेले किमान १ कोटी १८ लाख संगणक पाठवले, हे २०१० साली एका खटल्यातल्या कागदपत्रांमुळे उघड झालं. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले संगणक बंद पडू लागले, तेव्हा कंपनीनं ते तपासले आणि निदान केलं की तुम्ही त्यांना फार अवघड गणितं घातलीत. आता गणित विभागानं संगणकाला गणितं घालायची नाहीत, तर काय त्याच्याकडून भजनं म्हणून घ्यायची? पुढे कंपनीची बाजू लढवणाऱ्या वकिलांच्याच कचेरीतले हजारेक संगणक संशयित निघाले, आणि ते दुरुस्त करून द्यायलाही कंपनीनं खळखळ केली. एवढा पत्रव्यवहार चालू असताना प्रत्येक पेटीत कपॅसिटर टोपी फुगवून खरं काय ते सांगत बसलेले होते. झाकण उघडून बघायला गणिताची पदवी लागत नव्हती.

तर आमच्या कार्डासाठी नवे कपॅसिटर आणायला मी तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं सुटं सामान घ्यायचं तर तीच गल्ली.

“शेठ, १५०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट.”

“६.३ कशाला काका, १० चा न्या.”

“चालेल?”

“व्होल्ट जास्त असले तर चांगलंच. बसतोय का ते तुम्ही बघा.”

“लो ईएसआर आहे ना? १०५ डिग्रीवाला?”

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “काका, कपॅसिटर आहे.”

१० व्होल्टचा खरोखरच चालतो. फक्त तो बऱ्याचदा उंच असतो आणि वरचा पंखा त्याला घासतो. शेवटी हवी ती उंची आणि हवा तो प्रकार मिळाला. सगळ्या कपॅसिटरांपेक्षा पार्किंगचे पैसे जास्त झाले.

कार्डावरून जुने कपॅसिटर काढणं हे मात्र संयमाचं काम. कार्ड म्हणजे एकावर एक थर. ऋण पाय आतल्या तांब्याच्या भल्यामोठ्या पत्र्याला जोडलेला असतो आणि सोल्डर गनची सगळी उष्णता तो पत्रा पिऊन टाकतो. धन पाय लगेच सुटतो, ऋण पाय हलतसुद्धा नाही. ओढाओढ केली तर भोकाचं आतलं अस्तरच बाहेर येतं. अशा वेळी जुनं सोल्डर निघावं म्हणून त्यावर आणखी सोल्डर घालायचं. नव्याच्या संगतीनं जुनं पाघळतं. मग राळेचा तो वास सुटतो, आणि घरातून “काय जळतंय?” हा प्रश्न.

बाजूही नीट बघावी लागते. नळकांड्यावर पट्टा असतो ती ऋण बाजू, हे ठरलेलं. कार्डावर छापलेल्या वर्तुळात बहुतेक ठिकाणी रंगवलेला अर्धा भाग ऋण असतो, पण काही कारखानदारांना वाटलं, धन का रंगवू नये? म्हणून जुना काढण्याआधी फोटो काढून ठेवावा. काही लोक मेलेलं कार्ड सरळ केकच्या ओव्हनमध्ये घालतात. असली नळकांडी असलेलं कार्ड त्यात घालू नये, आणि कुठलंही कार्ड घातलं तर त्या ओव्हनमध्ये पुन्हा केक करू नये.

“नवीनच का नाही घेत?” हे प्रत्येक जण विचारतो. नवीन कार्ड जुन्या स्लॉटमध्ये बसत नाही. मग मदरबोर्ड नवा, त्याला रॅम नवी, मग पॉवर सप्लाय, मग कॅबिनेट. एवढं करून खेळायचा तो गेम वीस वर्षांपूर्वीचाच.

आताच्या कार्डांवर फुगणाऱ्या टोप्या जवळपास दिसत नाहीत. घट्ट पॉलिमर भरलेले कपॅसिटर आले आणि त्यांच्या जोडीला सिरॅमिकचे, काही तर एक मिलिमीटर लांब नि अर्धा मिलिमीटर रुंद. हे शॉर्ट झाले तरी चेहऱ्यावर रेषाही हलत नाही. पुतण्याचं महागडं कार्ड असंच गप्प झालं, तेव्हा दुरुस्तीवाल्या मुलानं त्यावर स्पिरिट ओतलं, थोडी वीज सोडली आणि कुठलं टिपूस आधी सुकतं ते बघत बसला. गुन्हेगार गरम होतो, म्हणून तिथलं स्पिरिट आधी उडतं. त्यानं तो कण चिमट्यानं उचलला आणि कार्ड पुसायला घेतलं.

“नवा नाही बसवणार?” पुतण्यानं विचारलं.

“शेजारी त्याचे एवढे भाऊ आहेत ना,” मुलगा म्हणाला, “ते बघतील.”