नाक थोडं बारीक करता येईल का?

कुत्र्याचं चित्र काढून घ्यायचं ठरलं की घरात पहिलं भांडण होतं ते फोटोवरून. चित्रकाराचं मागणं साधं असतं. चेहरा नीट दिसणारा, दिवसाच्या उजेडात काढलेला एक स्वच्छ फोटो पाठवा. घरातल्या चार मोबाइलांत मिळून मोत्याचे काही हजार फोटो असतात. एकात तो झोपलेला, एकात पळत चौकटीबाहेर निघालेला, एकात नुसतीच शेपूट, आणि एकात वाढदिवसाची टोपी घालून आयुष्याला विटलेला. चेहरा नीट दिसणारा फोटो एकच सापडतो, आणि त्यात मागे काकूंचे डोळे मिटलेले असतात. तो फोटो काकू घराबाहेर जाऊ देत नाहीत. 'अगं, चित्र कुत्र्याचं काढायचंय,' असं काका म्हणून बघतात. उपयोग होत नाही.

मग नवा फोटो काढायची मोहीम निघते. चित्रकाराच्या सूचना व्हॉट्सॲपवर येऊन पडलेल्या असतात: फ्लॅश नको, वरून काढू नका, फार जवळ जाऊ नका, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या. यातली एकही सूचना उगाच नसते. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांत पडद्यामागे उजेड परत फेकणारा एक थर असतो. अंधुक उजेडात दिसावं म्हणून निसर्गानं केलेली ती सोय आहे, पण फ्लॅश पडला की तोच थर चमकतो आणि मोत्याचा हिरव्या डोळ्यांचा वेताळ होतो. वरून काढलेल्या फोटोत सगळं डोकंच होतं, पाय काडीइतके उरतात. आणि मोबाइलचं भिंग रुंद कोनाचं असल्यामुळे फार जवळ गेलं की नाक बटाट्याएवढं येतं आणि कान कुठेतरी मागच्या खोलीत राहतात.

राहिली डोळ्यांची उंची. त्यासाठी काका जमिनीवर पालथे पडतात. एरवी पडलेलं पेनसुद्धा उचलायला नातवाला हाक मारणारा माणूस आपल्या पातळीवर उतरलाय, हे पाहून मोत्याला भरून येतं. तो येऊन आधी काकांचा कान चाटतो, मग चष्मा, मग भिंग. त्याचं लक्ष वेधायला काकू मागे बिस्किटाचा पुडा घेऊन उभ्या असतात. पुड्याचा कागद कुरकुरतो, कान उभे राहतात, जीभ बाहेर येते, फोटो अगदी छान निघतो. तो पाहून काकू म्हणतात, 'हा काही त्याचा चेहरा नाही. हा बिस्किटाचा चेहरा आहे.'

मॉडेल एका जागी बसत नाही ही तक्रार मोठमोठ्यांनीही केली आहे. इंग्लिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी १९९५ च्या सुमारास आपल्या स्टॅनली आणि बूजी या दोन डॅशहुंडांची चाळीसहून अधिक चित्रं रंगवली. कुत्री काही बोलावल्यावर स्टुडिओत येऊन बसत नाहीत, म्हणून त्यांनी घरात जागोजागी कागद मांडून ठेवले. कुत्री जिथे पसरतील तिथे चित्र सुरू. परिणाम असा की त्या चित्रांत कुत्री बहुतेक झोपलेलीच आहेत. जगप्रसिद्ध चित्रकारानं पत्करलेली ही तडजोड काकांना कुणी वेळेवर सांगितली असती, तर त्यांची कंबर वाचली असती.

फोटो जातो, ॲडव्हान्स जातो. जाण्याआधी दरावर चर्चा होतेच. नुसता चेहरा असेल तर एक दर, पूर्ण अंग असेल तर दुसरा, ए-फोर आणि ए-थ्रीचा वेगळा हिशेब. 'पेन्सिलच आहे ना? रंग तर नाहीत,' हा मुद्दा काकांनी राखून ठेवलेला असतो. शाळेत असताना ते इंटरमिजिएटची ड्रॉइंगची परीक्षा पास झालेले असतात, त्यामुळे कलेच्या बाबतीत त्यांना कोणी फसवू शकत नाही अशी त्यांची समजूत असते.

काम सुरू झाल्यावर मात्र कळतं की रंग परवडले. काळा कुत्रा पेन्सिलीनं काढणं ही भल्याभल्यांची परीक्षा असते. सगळीकडे काळं फासलं तर कागदावर कुत्र्याच्या आकाराचं भोक दिसतं. म्हणून चित्रकार काळ्यातला उजेड शोधत बसतो. आधी टू-बीचा हलका थर, मग फोर-बी, आणि अगदी खोल जागी सिक्स-बी. केसांची दिशा चुकवून चालत नाही: नाकावरून ते कपाळाकडे चढतात, गालांवर मागे वळतात, गळ्याखाली सरळ उतरतात. डोळ्यातला तो जिवंत ठिपका पांढऱ्या रंगानं टेकवायचा नसतो, तेवढा कागद पहिल्यापासून कोरा राखायचा असतो. खरी गंमत मिश्यांची. काळ्या तोंडावरच्या पांढऱ्या मिश्या पेन्सिलीनं काढणार कशा? तर शाई संपलेल्या रिफिलनं कोऱ्या कागदावर आधीच बारीक खाचा दाबून घेतात. नंतर वरून पेन्सिल फिरवली की शिसं खाचेत उतरत नाही आणि मिशी आपोआप पांढरी उठते. म्हणजे मोत्याच्या चेहऱ्यात सगळ्यात आधी, काहीही दिसत नसताना, त्याच्या मिश्या काढलेल्या असतात. हे काकांना दाखवलं की पेन्सिलीचा मुद्दा गळून पडतो.

पण दुरुस्त्या गळून पडत नाहीत. कच्चं रेखाटन व्हॉट्सॲपवर आलं की घर एकत्र जमतं. 'छान आहे, पण हा रागावलेला वाटतो. आमचा मोत्या प्रेमळ आहे.' मोत्या प्रेमळ असल्याबद्दल पोस्टमनचं मत वेगळं असतं, पण पोस्टमनला कोणी विचारत नाही. 'नाक थोडं बारीक करता येईल का?' 'गळ्यातला पट्टा काढा. नको, राहू द्या, पण लाल दिसू दे.' चित्र पेन्सिलीचं असतं. 'डावा कान जरा उभा हवा.' फोटोत तो पडलेला असतो, मोत्याचा तो जन्मापासून पडलेलाच आहे, पण काकूंच्या मनातल्या मोत्याचे दोन्ही कान उभे असतात. आणि सगळ्यात शेवटी ते वाक्य येतं, 'बाकी काही नको, फक्त हुबेहूब हवा.'

चित्रकाराच्या धंद्यातलं मर्म इथे आहे. बसवलेला असतो कुत्रा, पण चित्र ज्याचं काढायचं तो कुत्रा फक्त मालकाच्या डोक्यात राहतो. हे गिऱ्हाईक ज्यांना कळलं त्यांची भरभराट झाली. उदाहरणार्थ एडविन लँडसियर. व्हिक्टोरिया अजून राजकन्या असताना, १८३६ साली, तिच्या आईनं वाढदिवसाची भेट म्हणून तिच्या लाडक्या डॅश नावाच्या स्पॅनियलचं चित्र लँडसियरकडून काढून घेतलं. मुलगी एवढी खूश झाली की पुढे राजघराण्यातल्या कुत्र्यांचा, घोड्यांचा आणि पोपटांचा ठेका जणू त्याच्याच नावावर लागला. १८३८ च्या एका चित्रात डॅश गादीवर पसरलाय, आजूबाजूला हेक्टर आणि नीरो हे दोन थोराड कुत्रे आदबीनं आहेत आणि लोरी नावाचा पोपटही आहे. डॅश तिन्ही कुत्र्यांत लहान, तरी बैठक त्याची. मालकिणीच्या लेखी घरात कोणाचं काय स्थान आहे, हे लँडसियरला विचारावं लागलं नाही. त्याच साली २८ जूनला राज्याभिषेक उरकून राणी राजवाड्यात परतली आणि तिनं डॅशला आंघोळ घातली, असं सांगतात. साम्राज्य नंतर, आधी कुत्रा.

लँडसियरची पुढची कमाल १८४१ ची. व्हिक्टोरियानं नवऱ्याला नाताळची भेट म्हणून त्याच्या ईऑस या ग्रेहाउंड कुत्रीचं चित्र काढून घेतलं. चित्रात प्रिन्स अल्बर्ट कुठेच नाही. त्याची हॅट आहे, हातमोजे आहेत, काठी आहे, आणि त्यांच्याशेजारी ईऑस मान उंचावून उभी आहे. मालकाला चित्रात न घेता मालकाला खूश करण्याची सोय करून ठेवणं याला धंद्याची अक्कल लागते. काकूंच्या मिटलेल्या डोळ्यांचा प्रश्नही अशाच युक्तीनं सुटला असता.

सॅन फ्रान्सिस्कोच्या केट बर्डसॉल जॉन्सन या श्रीमंत बाईंची गोष्ट याच्याही पुढची आहे. त्यांनी कार्ल काहलर या ऑस्ट्रियन चित्रकाराला आपल्या मांजरांचं चित्र काढायला बसवलं. काहलरनं तोवर एकही मांजर रंगवलेलं नव्हतं. नकार देण्यासारखं मानधन नसावं, कारण ते पाच हजार डॉलर होतं असं सांगतात. तो जवळजवळ तीन वर्षं मांजरांच्या सवयी टिपत राहिला आणि शेवटी ४२ मांजरं एका कॅनव्हासवर आली. मधोमध बसलाय सुलतान, ज्याला बाईंनी पॅरिसहून तीन हजार डॉलरला आणला होता. चित्राचं वजन शंभर किलोहून जास्त. 'माझ्या बायकोचे प्रियकर' अशा अर्थाचं त्याचं नाव नवऱ्यानं ठेवलं म्हणतात. बिचाऱ्याला एवढंच करता येण्यासारखं होतं. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते ८ लाख २६ हजार डॉलरला गेलं. सुलतान गृहीत धरला तरी मांजरांवर केलेला खर्च वसूल झाल्याचं दुसरं उदाहरण आठवत नाही.

या सगळ्या लाडात जॉर्ज स्टब्स मात्र उपरा वाटतो. या माणसानं अठराव्या शतकात लिंकनशरच्या एका शेतघरात दीड वर्ष मेलेले घोडे चिरून त्यांचे स्नायू आणि हाडं कागदावर उतरवली. नंतर १७६२ च्या सुमारास त्यानं मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅमसाठी 'व्हिसलजॅकेट' नावाच्या घोड्याचं जवळजवळ तीन मीटर उंचीचं चित्र केलं. स्वार नाही, झाड नाही, जमीनसुद्धा नाही, नुसता घोडा. चित्र पाहून खुद्द व्हिसलजॅकेट चित्रातल्या घोड्याच्या अंगावर धावून गेला अशी आख्यायिका आहे. 'हुबेहूब'चं यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही, पण गिऱ्हाइकानं असं प्रशस्तिपत्र दिलेलं कोणत्याही चित्रकाराला परवडणार नाही.

आपल्याकडेही हा उद्योग जुना आहे, फक्त नजर निराळी होती. १६१२ साली मुकर्रब खान गोव्याहून परतताना जहांगीर बादशहासाठी अपूर्वाईचे प्राणी-पक्षी घेऊन आला. त्यात टर्की होता. जहांगीरनं तो प्रकार लिहून ठेवला, आणि ऐकणाऱ्यांना आणखी नवल वाटावं म्हणून चित्रकारांना तो रंगवायलाही सांगितलं. उस्ताद मन्सूरनं काढलेला टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मानेवरची प्रत्येक गाठ, प्रत्येक सुरकुती जिथल्या तिथे. टर्कीला सुंदर करा असं बादशहा म्हणाला नसावा. पुण्यात गंगाराम तांबट यांनी १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी काढलं. ते आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. गेंड्याच्या कातडीच्या वळ्या त्यात जशाच्या तशा उतरल्या आहेत. 'नाक बारीक करा' म्हणणारं गेंड्याकडचं कोणी पुण्यात नव्हतं हे गंगारामांचं नशीब. एरवी हे वाक्य ऐकल्याशिवाय पुण्यातून चित्र पुरं होऊन बाहेर पडणं कठीण.

आणि मग २०२० मध्ये इंग्लंडमधल्या वर्दिंग गावच्या फिल हेकल्स या गृहस्थांनी या सगळ्या परंपरेला सुरुंग लावला. मुलाला आभाराचं कार्ड करायला बसवलं होतं, सोबत म्हणून यांनीही घरच्या कुत्र्याचं चित्र काढलं. चित्रकला यथातथाच. थट्टेनं ते त्यांनी फेसबुकवर २९९ पौंडांना विकायला ठेवलं. तर लोक म्हणायला लागले, आमच्याही कुत्र्याचं काढा. हर्क्यूल व्हॅन वुल्फविंकल असं भारदस्त टोपणनाव घेऊन त्यांनी कुत्री, मांजरं, कोंबड्या काढण्याचा सपाटा लावला. एखाद्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला, एखाद्याचे पाय टेबलाचे. लोकांनी चित्राच्या बदल्यात बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देणग्या दिल्या, आणि आकडा लाखाहून अधिक पौंडांवर गेला. नवल म्हणजे, 'हा आमचाच' असं प्रत्येक मालकानं लगेच ओळखलं. नाक बारीक करा, असं मात्र कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. नाक कुठे आहे हेच आधी शोधावं लागत होतं.

काकांच्या घरी हे चालणार नाही. तिथे चौथ्या दुरुस्तीनंतर चित्र मंजूर होतं, माउंट लागतो, काच लागते, आणि फ्रेम हॉलमध्ये टांगायची वेळ येते. भिंतीवर रिकामा खिळा एकच असतो, तो आजोबांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी. दुसरा खिळा ठोकायला सोसायटीतला सुतार मिळत नाही, म्हणून मोत्या तिथेच लागतो. काळी चौकट, काळा-पांढरा चेहरा, डोळ्यांत चित्रकारानं मेहनतीनं राखलेला तो ठिपका.

संध्याकाळी पाहुणे येतात. भिंतीकडे बघून आवाज खाली आणतात. 'अरेरे, कधी गेला?' काकू काही बोलणार तोच आतून धप्प असा आवाज येतो, आणि मोत्या पाहुण्यांची एक चप्पल तोंडात धरून सगळ्यांच्या मधून गॅलरीकडे निघून जातो. चपलेच्या मागे पाहुणे धावतात, पाहुण्यांच्या मागे काका.